बद्धमूल (विशेषण)

'बद्धमूल' हे मराठीतील तत्सम विशेषण असून ज्याचे मूळ घट्ट बसले आहे, असा त्याचा शब्दशः अर्थ आहे. मनात खोलवर रुजलेल्या व सहजी न हटणाऱ्या समजुती, पूर्वग्रह, वैर यांसाठी ते योजले जाते. इंग्रजीतील 'इन्ग्रेन्ड' आणि स्पॅनिशमधील 'अराइगादो' ही विशेषणे याच आशयाची आहेत. मात्र तिन्ही शब्दांमागील चित्र एक नाही.

व्युत्पत्ती

'इन्ग्रेन्ड' या शब्दाचा उगम रंगाऱ्याच्या व्यवसायात आहे. केर्मिस नावाच्या कीटकापासून तांबडा रंग काढीत. वाळलेले कीटक दाण्यांसारखे दिसत, म्हणून त्या रंगाला धान्यकणाचे लॅटिन नाव मिळाले. या पक्क्या रंगात बुडवलेले कापड ते 'इन्ग्रेन्ड'. स्पॅनिशमध्येही या रंगाला 'ग्राना' म्हणतात. पण वृत्तीविषयी बोलताना ती भाषा रंगाकडे न जाता मुळाकडे जाते. 'अराइगादो' हा शब्द मूळ या अर्थाच्या लॅटिन 'रादिक्स'वरून आला आहे. त्यामुळे स्पॅनिश शब्दाचे खरे भावंड मराठीत सापडते, इंग्रजीत नव्हे. मराठीतील 'रूढ' व 'रूढी' हे शब्दही उगवणे, वाढणे या अर्थाच्या संस्कृत 'रुह्' धातूचे आहेत. भगवद्गीतेच्या १५व्या अध्यायात अश्वत्थाला लावलेल्या 'सुविरूढमूल' या विशेषणात तर रूढ आणि मूळ दोन्ही एकत्र आले आहेत.

अर्थच्छटा

'अराइगादो' चांगल्या परंपरेलाही लागतो. एखाद्या गावी स्थिरावलेल्या माणसालाही लागतो. 'बद्धमूल' मात्र बहुधा दोष दाखवतो. म्हणून सवयीसाठी 'अंगवळणी पडलेली', स्वभावासाठी 'हाडीमाशी खिळलेला' असे पर्याय घ्यावे लागतात. रंगाच्या चित्राला मराठीत सर्वांत जवळचा शब्द 'मुरलेला' होय. पण 'मुरलेला राजकारणी' या प्रयोगात थोडे कौतुकही असते. जुनाट व्यसनासाठी स्पॅनिशमध्ये 'इन्वेतेरादो' हा निराळा शब्द आहे.

शब्दनिवडीचे महत्त्व

पक्का रंग धुऊन जात नाही. मूळ मात्र उपटता येते. मराठी सुधारणावादी परिभाषा या दुसऱ्या चित्रावर उभी आहे. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या नावात 'मूल' आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या मराठी नावात 'समूळ उच्चाटन' आहे, तर इंग्रजी नावातील 'इरॅडिकेशन' हा शब्द त्याच 'रादिक्स'चा आहे. अस्पृश्यतेसारख्या प्रथेमागील मनोवृत्तीला 'नैसर्गिक' किंवा 'उपजत' म्हटले, तर ती बदलण्याची शक्यताच भाषेतून नाहीशी होते. अनुवादकाने हे दोन शब्द येथे टाळलेलेच बरे.

मूळ उपटणे सोपे असते, असा मात्र याचा अर्थ नाही. कामरगावसह वऱ्हाडातील काळ्या जमिनीच्या मुलखात शेतकऱ्याला हराळी आणि कुंदा ही तणे चांगली परिचित आहेत. वरून खुरपली तरी जमिनीत राहिलेल्या कांड्यांतून ती पावसानंतर पुन्हा फुटतात.