कार्बन नॅनोनलिकांच्या पृष्ठभागाची परीक्षा

ग्राफाइटचा एक अणू जाडीचा पापुद्रा गुंडाळला असता जी पोकळ नळी तयार होईल, तिच्यासारखी रचना कार्बन नॅनोनलिकेची असते. जपानचे सुमिओ इजिमा यांनी १९९१ मध्ये बहुभित्ती नलिकांचे वर्णन प्रसिद्ध केले. एकभित्ती नलिका १९९३ मध्ये ज्ञात झाल्या. एकभित्ती नलिकेचा प्रत्येक अणू पृष्ठभागावरच असतो. त्यामुळे पृष्ठभागाची परीक्षा ही जवळजवळ संपूर्ण नलिकेचीच परीक्षा ठरते.

त्यासाठी क्ष-किरण प्रकाशइलेक्ट्रॉन वर्णपटमिती ही पद्धत वापरतात. स्वीडनचे काय सीगबान यांना तिच्या विकासाबद्दल १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. निर्वात कक्षातील नमुन्यावर ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण सोडले जातात. अ‍ॅल्युमिनियमपासून मिळणाऱ्या किरणांची ऊर्जा १४८६.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. त्यांच्यामुळे अणूंतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. त्यांची गतिज ऊर्जा मोजून मूळची बंधनऊर्जा काढता येते. सुमारे १० नॅनोमीटरपेक्षा खोलवरचे इलेक्ट्रॉन वाटेतच ऊर्जा गमावतात, म्हणून ही पद्धत केवळ पृष्ठभागाची माहिती देते.

ग्राफाइटसदृश कार्बनचे शिखर सुमारे २८४.५ इलेक्ट्रॉनव्होल्टला दिसते. कार्बनला ऑक्सिजन जोडला गेला की शिखर वरच्या बाजूस सरकते. कार्बोक्सिल गटाचे शिखर २८९ च्या आसपास असते. २९१ जवळचे दुय्यम शिखर जाळीतील सामाईक इलेक्ट्रॉनांची साक्ष देते.

या आकड्यांना व्यावहारिक मोल आहे. शुद्ध नलिका एकमेकींना चिकटून जुडग्यांत राहतात. पाण्यात किंवा राळेत नीट मिसळत नाहीत. नायट्रिक आम्लाच्या प्रक्रियेने त्यांच्यावर ऑक्सिजनयुक्त गट बसवले जातात. प्रक्रिया कमी पडली तर जुडगी सुटत नाहीत. अति झाली तर भिंती खचतात, विद्युतवाहकता घटते आणि २९१ जवळचे शिखर क्षीण होते. हा समतोल वर्णपटावरून पारखता येतो.

मात्र या पद्धतीला मर्यादाही आहेत. हायड्रोजन तिला दिसत नाही. हवेतून बसलेला कार्बनी मळ नमुन्याच्याच शिखरात मिसळतो. कार्बनच्या आवरणात दडलेले लोह वा निकेल या उत्प्रेरकांचे कण तिच्या नजरेतून सुटू शकतात. म्हणूनच निष्कर्षाला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि रामन वर्णपट यांची जोड देणे आवश्यक ठरते.