न कमावलेले तारण

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यावर सिरियातल्या अंत्युखिया शहरात पंगतीवरून एक वाद पेटला. तिथल्या ख्रिस्ती मंडळीत यहुदी होते आणि परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेले, लोकही होते. येशूचा ज्येष्ठ शिष्य पेत्र सगळ्यांबरोबर बसून जेवत असे. पुढे यरुशलेमहून, तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची काही माणसे आली, तसा पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठला. प्रेषित पौलाचा सोबती बर्णबाही त्याच्यामागे गेला. तेव्हा पौलाने पेत्राला सर्वांदेखत जाब विचारला. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने स्वतःच हे नोंदवून ठेवले आहे. ‘कृपेने तारण’ ही शिकवण आज चर्चच्या व्यासपीठावरून संथपणे सांगितली जाते, पण तिला पहिली धार चढली ती या वादात.

वादाचा मुद्दा साधा होता. परराष्ट्रीयाला देवाच्या लोकांत यायचे असेल तर त्याने आधी सुंता करून घ्यावी का? खाण्यापिण्याचे नियम पाळावे का? पौलाचे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे होते. माणूस आणि देव यांच्यामधले जे काही मिटायला हवे होते, ते ख्रिस्ताच्या मरणाने आणि पुनरुत्थानाने मिटले आहे. माणसाने त्यावर विश्वास ठेवून ते स्वीकारायचे. प्रवेशासाठी आणखी काही भरावे लागत असेल, तर ख्रिस्ताचे मरण व्यर्थ गेले, इतक्या टोकाला जाऊन त्याने हे मांडले. हे लिहिणारा माणूस स्वतः नियमशास्त्रात तरबेज असलेला परूशी होता आणि ख्रिस्ती लोकांचा छळ करण्यासाठी दमास्कसला निघाला होता. देवाने आपल्याला गाठले ते आपण त्याच्या विरोधात उभे असताना, हा त्याचा अनुभव होता. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात त्याने याच अनुभवाला सर्व मानवजातीचा आधार केले.

मात्र पौलाने हे शून्यातून निर्माण केले नाही. इस्राएल संख्येने मोठे किंवा गुणाने थोर होते म्हणून देवाने त्याला निवडले नाही, तर केवळ प्रेमापोटी निवडले, असे अनुवाद हा यहुदी ग्रंथच सांगतो. येशूचे दाखलेही याच वळणाचे आहेत. द्राक्षमळ्यात दिवसभर राबलेल्याला आणि शेवटच्या तासाला आलेल्याला मालक सारखीच मजुरी देतो. मंदिरात आपल्या उपासांचा हिशेब सांगणारा परूशी तसाच परततो आणि मान खाली घालून दया मागणारा जकातदार देवापुढे नीतिमान ठरून घरी जातो. म्हणूनच ‘यहुदी धर्म कर्माचा आणि ख्रिस्ती धर्म कृपेचा’ ही सोपी विभागणी खोटी आहे. ई. पी. सँडर्स यांनी 1977 मध्ये पौल आणि त्या काळचा यहुदी धर्म यांवर लिहिलेल्या ग्रंथाने ती विभागणी अभ्यासकांमध्येही खिळखिळी केली. यहुदी माणूस देवाशी करारात होता तो कृपेनेच. नियम पाळायचे ते त्या करारात राहण्यासाठी. पौलाचा प्रश्न होता तो हा की त्या कृपेचे दार आता कोणाकोणासाठी उघडले आहे.

नव्या करारातच या शिकवणीला एक लगामही आहे. याकोबाचे पत्र विचारते, उपाशी माणसाला नुसता आशीर्वाद देऊन वाटेला लावणारा विश्वास कसला? कृतीवाचून विश्वास मेलेला आहे, असे ते बजावते. पौल आणि याकोब यांच्यातला हा ताण पुढच्या दोन हजार वर्षांत कधी सुटला नाही, आणि सुटला नाही हे बरेच झाले.

चौथ्या शतकाच्या अखेरीस हा प्रश्न पंगतीतून उठून माणसाच्या मनात शिरला. आजच्या अल्जीरियात 354 साली जन्मलेला ऑगस्टीन वक्तृत्वाचा नामांकित शिक्षक होता. सत्य कोणते ते बुद्धीला कळले होते, पण जगणे मात्र बदलत नव्हते. इच्छा आहे आणि तरी इच्छा होत नाही, अशी आपल्याच मनाची फाळणी त्याने अनुभवली. 387 च्या ईस्टरला मिलानमध्ये बिशप अँब्रोजच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. सुरुवातीला तोही मानत होता की विश्वास ठेवण्याचे पहिले पाऊल तरी माणसाचे स्वतःचे असते. 396च्या सुमारास पौलाची पत्रे पुन्हा वाचताना तो एका प्रश्नावर अडला: तुझ्याजवळ असे काय आहे जे तुला मिळालेले नाही? तेव्हापासून त्याचे मत पालटले. विश्वासाची इच्छा होणे हेसुद्धा देवाचेच देणे आहे, असे तो म्हणू लागला.

ब्रिटनमधून रोमला आलेल्या पेलाजियस या साधूला हे पटेना. त्याची चिंता हलकी नव्हती. रोममधले सुखवस्तू ख्रिस्ती ढिले पडले होते. देवावाचून काहीच करता येत नाही असे सांगितले, तर त्यांना हातपाय न हलवण्याचे निमित्तच मिळेल. देव जे करायला सांगतो ते करण्याची शक्ती त्याने माणसाला दिलेली असणारच, हे त्याचे म्हणणे आजही कोणत्याही सरळमार्गी माणसाला पटेल. पण ऑगस्टीनला त्यात एक क्रूरता दिसली. प्रयत्न करूनही जो पुन्हा पुन्हा पडतो, त्याला या शिकवणीत काय मिळते? तू पुरेसा झटला नाहीस, एवढेच. 418 मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलाजियसची मते नाकारली. 529 मध्ये फ्रान्समधल्या ऑरेंजच्या परिषदेने विश्वासाचा आरंभही कृपेनेच होतो असे ठरवले. मात्र देवाने काहींना पापासाठीच नेमले आहे, ही कल्पना तिने धिक्कारली. कृपा सर्वस्वी देवाची आणि दोष मात्र माणसाचा, ही अवघड बेरीज तिथपासून पश्चिमेकडच्या चर्चच्या वाट्याला आली.

मध्ययुगात ही कृपा रोजच्या जीवनात पोचवणारी मोठी व्यवस्था उभी राहिली. जन्मल्यावर बाप्तिस्मा, चुकल्यावर पापनिवेदन, मरताना अभ्यंग. सामान्य शेतकऱ्याला कृपा हाताला लागेल अशी झाली, हे या व्यवस्थेचे श्रेय नाकारता येत नाही. पण पापाची क्षमा झाल्यावरही त्याची काही शिक्षा उरते आणि ती शुद्धीस्थानात भोगावी लागते, अशी समजूत होती. ती शिक्षा माफ करण्याचा अधिकार चर्चने स्वतःकडे घेतला. ख्रिस्ताच्या आणि संतांच्या पुण्याचा एक साठा चर्चच्या हाती आहे, असे 1343 मध्ये पोप सहावे क्लेमेंट यांनी जाहीर केले. 1476 मध्ये पोप चौथे सिक्स्टस यांनी ही माफी मृतांनाही लागू केली. आता पैसे देऊन आपल्या मेलेल्या आईबापांसाठीही ही माफी घेता येऊ लागली.

सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हे टोकाला गेले. ब्रांडेनबुर्गच्या अल्ब्रेख्तला माइन्त्सचे आर्चबिशपपद हवे होते. त्यासाठी त्याने फुगर या सावकारी पेढीकडून कर्ज काढले. ही माफी देणाऱ्या पापमुक्तिपत्रांच्या विक्रीतला अर्धा वाटा त्या कर्जफेडीला आणि अर्धा रोममधल्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामाला, असे ठरले. योहान टेट्झेल हा धर्मोपदेशक गावोगाव ही पत्रे विकू लागला. पश्चात्ताप हवाच ही मूळची अट शास्त्रात होती, पण बाजारात ती ऐकू येईना. विटेनबर्गचे लोक सीमा ओलांडून पत्रे घेऊन येत आणि आपल्या धर्मगुरूला दाखवत.

तो धर्मगुरू होता मार्टिन ल्यूथर. 1505 मध्ये तो एरफुर्टच्या मठात गेला. उपास, जागरणे, तासन्‌तास पापनिवेदन हे सारे त्याने जीव ओतून केले. देवाचा नीतिमान न्याय या कल्पनेचाच त्याला धसका बसला होता. विद्यापीठात रोमकरांस पत्र शिकवताना त्याला उलगडत गेले की पौल ज्या नीतिमत्त्वाबद्दल बोलतो ते देव माणसाकडून वसूल करत नाही, तो ते देऊ करतो. 31 ऑक्टोबर 1517 रोजी त्याने आपली 95 विधाने अल्ब्रेख्तकडेच पाठवली. ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावरच्या 1520 मधल्या पुस्तिकेत त्याने याकोबाच्या प्रश्नालाही उत्तर दिले. तारणासाठी काही कमवायचे उरले नाही म्हणूनच माणूस शेजाऱ्यासाठी काही करायला मोकळा होतो. शेजारी हा आता पुण्य मिळवण्याचे साधन राहत नाही.

याला कॅथलिक चर्चने दिलेले उत्तर बरेचदा नीट सांगितले जात नाही. ट्रेंटच्या परिषदेने जानेवारी 1547 मध्ये सुरुवातीलाच ठासून सांगितले की ख्रिस्ताच्या कृपेवाचून कोणीही स्वतःच्या कर्मांनी देवापुढे नीतिमान ठरत नाही. मतभेद होता तो पुढच्या पायरीवर. कृपा माणसाला केवळ नीतिमान ठरवते, की त्याला आतून तसे घडवते? आणि त्या घडण्यात माणसाचा होकार मोलाचा असतो का? ट्रेंटच्या मते कृपा घडवते आणि होकाराला मोल असते. प्रोटेस्टंटांमध्येही यावर एकमत नव्हते. 1618-19 मध्ये डच शहर डॉर्ट येथे कॅल्व्हिनच्या अनुयायांनी ठरवले की देवाची कृपा अखेर टाळता येत नाही. आर्मिनियसचे अनुयायी म्हणत होते की ती नाकारता येते. पुढे जॉन वेस्लीने ही दुसरी बाजू घेतली आणि इंग्लंडच्या खाणकामगारांसमोर उघड्या मैदानात कृपेचा उपदेश केला.

कृपा माणसाला बदलते का, या प्रश्नाचे सर्वांत अस्वस्थ करणारे उदाहरण जॉन न्यूटनचे आहे. 1748 च्या मार्चमध्ये अटलांटिकमध्ये वादळात सापडलेल्या जहाजावर त्याने देवाची दया भाकली. तो ख्रिस्ती झाला. आणि त्यानंतर गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांचा कप्तान झाला. 1754 मध्ये आजारपणामुळे त्याने समुद्र सोडला, सदसद्विवेकबुद्धीमुळे नव्हे. ‘अमेझिंग ग्रेस’ हे त्याचे जगप्रसिद्ध गीत 1773च्या पहिल्या दिवशी ओल्नी गावच्या चर्चमध्ये म्हटले गेले, तेव्हाही त्याने गुलामगिरीविरुद्ध जाहीरपणे तोंड उघडले नव्हते. ते उघडले 1788 मध्ये, एका पुस्तिकेतून, स्वतःच्या सहभागाची लाज न लपवता. 1807 मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली आणि त्याच वर्षी तो वारला. कृपा मिळाल्याची खात्री एका रात्रीत झाली असेल, पण ती कृपा डोळ्यांपर्यंत पोचायला चाळीस वर्षे लागली. ज्यांच्या पायात बेड्या होत्या त्यांच्यासाठी ही चाळीस वर्षे फार होती.

मराठीत ही शिकवण फार लवकर आली. जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी आदामाच्या पतनापासून ख्रिस्ताच्या पुनरुत्थानापर्यंतची कथा ओवीबद्ध केली आणि हे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यात छापले गेले. पण ज्या गोव्यात ते गायले गेले, तिथल्या ख्रिस्ती समाजात जात टिकून राहिली. चर्चच्या मानाच्या मंडळांतही जातवार हक्क राहिले. कृपा सर्वांना सारखी, हे कथेत मान्य झाले तरी व्यवहारात उतरले नाही.

पंडिता रमाबाईंचा प्रवास या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखा आहे. शास्त्रे वाचलेल्या या विदुषीला त्या शास्त्रांत स्त्रियांसाठी आणि शूद्रांसाठी स्वतःच्या अधिकाराने मोक्षाची वाट दिसली नाही. इंग्लंडमध्ये लंडनच्या फुलहॅम भागात समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांची मायेने सेवा करणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या. ही माया कुठून येते असे विचारल्यावर त्यांना शोमरोनी स्त्रीशी बोलणाऱ्या येशूची गोष्ट ऐकायला मिळाली. 1883 मध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण 1907 मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्या सांगतात की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र सापडला नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्या लक्षात आले. तोवर त्या बाप्तिस्मा, मते, आचार यांच्या आधारे उभ्या राहू पाहत होत्या. हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मचरित्र वाचताना, आपल्याला काही सिद्ध करायचे नसून घ्यायचे आहे, हे त्यांना उमगले. त्यानंतर दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींसाठी त्यांनी केडगावला मुक्तिसदन उभे केले. तिथेच, ज्यांना कोणीच दारात उभे करत नसे अशा स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ सुरू झाले. कवी नारायण वामन टिळकांनी तर आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्तापर्यंत आलो असे सांगितले. देवापुढे रिकाम्या हाताने उभे राहण्याची सवय या भूमीला भक्तीने आधीच लावलेली होती.

विसाव्या शतकात धोका उलट बाजूने आला. 1937 मध्ये जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर यांनी स्वस्त कृपेवर कडाडून हल्ला चढवला. पश्चात्ताप नाही, ख्रिस्तामागे जाणे नाही, तरी क्षमा पक्की, अशी ही कृपा. ल्यूथरचा वारसा सांगणारे चर्च हिटलरपुढे झुकत असताना त्यांनी हे लिहिले. 9 एप्रिल 1945 रोजी फ्लॉसेनबुर्गच्या छळछावणीत त्यांना फाशी देण्यात आली. ल्यूथरने किंमत लावणाऱ्यांना अडवले होते, बोनहोफर यांनी किंमत नाही म्हणून निर्धास्त झालेल्यांना अडवले. दोघेही एकाच शिकवणीचे राखणदार होते.

31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन महासंघ यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे तर केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो, आणि तोच आत्मा अंतःकरण नवे करून सत्कर्मांकडे पाठवतो, हे दोघांनी एकत्र कबूल केले. वेस्लीच्या परंपरेतल्या मेथडिस्ट मंडळ्या 2006 मध्ये आणि कॅल्व्हिनच्या परंपरेतल्या रिफॉर्म्ड मंडळ्या 2017 मध्ये त्यात आल्या. ज्या वाक्यांवरून एकमेकांना शापित ठरवले गेले होते, ती वाक्ये आज त्यांना फोडत नाहीत. मानवी इच्छेचे स्थान काय, मिळालेले तारण गमावता येते का, हे वाद मात्र चालूच आहेत.

या सगळ्या मागोव्यातून मला एक गोष्ट ठाम दिसते. कृपेने तारण मिळणे म्हणजे परीक्षेत सूट मिळणे नव्हे. आपल्याजवळ दाखवण्यासारखे काही नाही हे मान्य करून देवाचे देणे घेणे, आणि ते घेताना दुसऱ्याची लायकी तपासण्याचा हक्क सोडून देणे, असे त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग अनेकांना जमतो. कोणत्याही मंडळीची खरी कसोटी दुसऱ्या भागात लागते. तिच्या दाराशी सुंतेचा, पैशाचा, जातीचा किंवा चारित्र्याचा दाखला मागितला जात असेल, तर तिच्या विश्वासपत्रिकेत कृपा कितीही वेळा लिहिलेली असो, ती कृपा तिने अजून घेतलेली नाही.