‘माजी मालगुजारी तलाव’ : एका संज्ञेचा इतिहास

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली ह्या जिल्ह्यांत मातीची पाळ घालून पाणी अडविलेले सहा हजारांहून अधिक लहानमोठे तलाव आहेत. शासकीय दप्तरात त्यांस ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात. लोकांनी आद्याक्षरे जुळवून त्याचे ‘मामा तलाव’ केले. ह्या संज्ञेत त्यांच्या मालकीचा इतिहास साठलेला आहे.

तलाव संज्ञेहून जुने आहेत. तलाव बांधण्याविषयी ख्याती पावलेल्या कोहळी समाजाची परंपरा त्यांच्यामागे आहे. ‘नवेगावबांध’ ह्या ग्रामनामातील ‘बांध’ आणि धानाच्या शेताची ‘बांधी’ ह्यांचे मूळ एकच होय.

‘मालगुजारी’ हा शब्द मात्र फारसी असून त्याचा अर्थ ‘शेतसारा भरणे’ एवढाच आहे. त्यात मालकीचा बोध नाही. भोसल्यांच्या अमलात पाटील गावाचा शेतसारा गोळा करून भरीत असे. १८६१ मध्ये मध्यप्रांत स्थापन झाल्यानंतरच्या जमाबंदीत इंग्रजांनी हा भरणा करणाऱ्यासच गावाचा मालक ठरविले आणि गावतलाव खाजगी मालमत्ता झाला. तथापि पाण्यावरील गावकऱ्यांचे हक्क ‘वाजिब-उल-अर्ज’मध्ये नोंदविले जात. मालकी एकाची व पाणी अनेकांचे, अशी ही व्यवस्था होती.

मातीची पाळ वार्षिक निगेवर टिकते. गाळ साचला की साठा घटतो. सांडवा बुजला की पाणी पाळीवरून वाहू लागते व ती कापून काढते. ही निगा मालगुजाराच्या पुढाकाराने व गावाच्या श्रमाने होई. १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याची अंमलबजावणी ३१ मार्च १९५१ पासून झाली आणि हे तलाव शासनाकडे आले. पुढे शंभर हेक्टरांपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे व मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. खातेदाराच्या स्वतःच्या जमिनीतील लहान ‘बोडी’ मात्र खाजगीच राहिली.

ह्या स्थित्यंतराचे स्वरूप ‘माजी’ ह्या विशेषणात नेमके उमटले आहे. मालक कोण राहिला नाही, हे ते सांगते. पाळीवर माती कोणी चढवावयाची, हे सांगत नाही. ‘मामा’ ह्या संक्षेपात तर मालगुजारही लोपतो व केवळ नात्याचा शब्द उरतो. मालकीचे हस्तांतर कायद्याने एका दिवसात होऊ शकते. निगेच्या सवयीचे तसे होत नाही, हेच ह्या शब्देतिहासाचे तात्पर्य मानावयास हरकत नाही.