बळद आणि खुराडें

पुण्याचा इतिहास म्हटला कीं लेखकाची लेखणी शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापाशीं जाऊन उभी राहते. तेथून ती पर्वती चढते, लकडी पूल ओलांडते, केसरीवाड्यांत कांहीं काळ विसांवा घेते आणि अखेर सभासंस्थांच्या अहवालांत गुरफटून जाते. स्वयंपाकघरामागच्या काळोख्या खोलींत तिनें पाऊल टाकल्याचें क्वचितच आढळतें. वस्तुतः शहर शिल्लक काय ठेवतें, कोठें ठेवतें आणि तें राखण्याचें काम कोणाच्या अंगावर पडतें, या प्रश्नांच्या उत्तरांत त्या शहराचा बराचसा इतिहास सांपडतो. प्रस्तुत लेखांत आम्ही दोन अगदीं घरगुती वस्तूंचा मागोवा घेणार आहों. एक वाड्याच्या भिंतींतलें बळद, दुसरें परसांतलें खुराडें. पहिलें पुण्याच्या पांढरपेशा वर्गास आठवतें आणि त्याच्या आठवणीनें त्याचा कंठहि दाटून येतो. दुसऱ्याची आठवण त्यास नाहीं, कारण तें त्याच्या परसांत कधीं नव्हतेंच.

दोहोंचें नातें मात्र फार जुनें आहे. मनुष्यानें कोंबडी पाळली असें आपण म्हणतों. प्रारंभ बहुधा कोंबडीकडून झाला असावा. थायलंडांतील बान नोन वाट या प्राचीन वस्तींत सुमारें साडेतीन हजार वर्षांपूर्वींचीं कोंबड्यांचीं हाडें मिळालीं आहेत. २०२२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचा निष्कर्ष असा कीं, भाताची व भरड धान्याची शेती आणि त्या धान्याची सांठवण सुरू झाली, तेव्हां रानकोंबडा झाडावरून खालीं उतरून माणसाच्या वस्तीकडे ओढला गेला. जेथें धान्य सांडलें तेथें कोंबडी आली. कणगी आणि कोंबडी हीं एकाच घरचीं भावंडें होत. त्यांची ताटातूट पुढें जातिभेदानें केली.

दख्खनमध्यें धान्य राखण्याच्या तऱ्हा अनेक. कणगी बांबूच्या कामट्यांची, शेणामातीनें लिंपलेली. ती पडवींत उभी असे. पेंव जमिनींत. मुरमाड, निचऱ्याची जागा पाहून अरुंद तोंडाचा व रुंद पोटाचा खड्डा घेत, आंतून गवताचा किंवा काडाचा थर देत, जोंधळा भरीत आणि वर माती दाबून तोंड बंद करीत. कोंडलेलें धान्य श्वसन करतें, त्यामुळें आंतील प्राणवायु सरत जाऊन कर्बवायु सांचतो आणि किडे गुदमरून मरतात. म्हणूनच पेंव उघडल्याबरोबर कोणी आंत उतरत नसे. तोंड मोकळें ठेवून वाट पाहत, मग दिवा खालीं सोडीत. दिवा विझला तर उतरणें पुढें ढकलीत. सांगलीजवळच्या हरिपूरास हळदीचीं पेंवें प्रसिद्ध होतीं. २००५ च्या महापुरांत त्यांतील अनेकांत पाणी शिरून त्यांचा नाश झाला.

बळद हें शहरी घराचें पेंव. जाड भिंतीच्या पोटांत पोकळी ठेवलेली, धान्य ओतण्यास वर माडीवर तोंड आणि काढून घेण्यास खालीं बोळा लावलेलें भोंक. तांदळांत कडुनिंबाचा पाला, डाळींस एरंडेलाचा हात. सकाळीं सून खालचा बोळा काढी, सूप भरून घेई आणि पुन्हां बोळा बसवी. वर किती उरलें आहे हें भिंतीवर बोटें वाजवून सासू सांगे. घराच्या श्रीमंतीचा खरा ताळेबंद त्या आवाजांत असे.

परंतु बळदांत पडणारें धान्य येई कोठून? पेठेंतील सर्वच घरें बाजारांत धान्य विकत घेत नसत. कित्येकांची कोंकणांत किंवा देशावर जमीन असे आणि कुळाकडून खंडाचें धान्य बैलगाडीनें येई. हा तपशील वाड्यांच्या रम्य वर्णनांत सहसा गाळला जातो. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनीं दुष्काळांत सरकारी कोठारें उघडलीं, ही कथा आपण पिढ्यान् पिढ्या भक्तिभावानें ऐकतों. धान्य कोणी पिकवलें आणि तें कोणाच्या कुलुपांत होतें हा तिच्यांतील प्रश्न भक्तीच्या भरांत बाजूस राहतो. भरलेलें बळद हें एका घरचें शहाणपण होतें, तसेंच दुसऱ्या घरचें रितेपणहि होतें. आमच्या वर्गास हें ऐकणें रुचणार नाहीं, तथापि तें खरें आहे.

आतां बरणीकडे वळूं. चैत्र लागला कीं गच्चीवर वाळवणें पडत: कुरडया, पापड, सांडगे, सालपापड्या. वैशाखांत कैरी उतरे आणि मृगापूर्वीं लोणचें मुरत पडे. या सर्व खटाटोपाचें मर्म एकच, पदार्थांतलें पाणी सूक्ष्म जंतूंच्या हातीं लागूं द्यावयाचें नाहीं. ऊन तें उडवून नेतें, मीठ आणि साखर तें बांधून ठेवतात, आंबटपणा जंतूंस वाढूं देत नाहीं आणि वरचा तेलाचा थर हवेला अडवितो. निकोला आपेर या फ्रेंच हलवायानें अन्न बाटलींत घट्ट बंद करून उकळण्याची युक्ति शोधिली आणि १८१० मध्यें त्याबद्दल सरकारकडून बारा हजार फ्रँकांचें बक्षीस मिळविलें. ती युक्ति कां साधते हें पाश्चरनें पुढें पन्नास वर्षांनीं सांगितलें. आमच्या आज्यांनाहि कारण ठाऊक नव्हतें, पण नियम ठाऊक होता. बरणी कोरडी, हात कोरडा, डाव निराळा, आणि फोडी मिठाच्या पाण्यांत बुडालेल्या. सोंवळ्याच्या नांवाखालीं चालणाऱ्या पुष्कळ गोष्टींत असा एखादा निखळ आरोग्याचा दाणा असे. त्याच नांवाखालीं विटाळशीच्या सांवलीनें लोणचें नासतें असेंहि सांगत, आणि लोणचें नासलें कीं दोष मिठाच्या मापाला न देतां घरांतल्या एखाद्या पोरीला देत.

मीठ तरी स्वस्त कोठें होतें? १८८८ मध्यें मिठावरील कर मणामागें अडीच रुपये झाला. तो उतरत उतरत १९०७ मध्यें एक रुपयावर आला, आणि १९४७ मध्यें पूर्णपणें उठला. मिठाच्या सत्याग्रहाचें वर्णन करितांना आपण पानांतल्या चिमूटभर मिठाचा विचार करतों. वर्षाच्या लोणच्याला, आंबोशीला, कोंकणांतल्या सुक्या मासळीला लागणाऱ्या मिठाचा हिशेब कोणी केला तर त्या कराचा बोजा गृहिणीच्या बाजूनें कसा दिसे हें कळेल.

हें सारें करी कोण? लेकी, सुना आणि बहुतेक वाड्यांत आश्रयाला असलेली एखादी विधवा आत्या किंवा मावशी. तिच्या हाताला चव आहे असें सर्व म्हणत; त्या हाताला मोल देण्याची कल्पना कोणास सुचत नसे. रमाबाई रानडे यांनीं १९०९ मध्यें पुण्यास सेवासदन काढून स्त्रियांच्या शिक्षणाला उद्योगाची जोड दिली, तेव्हां त्या हाताच्या कसबाची किंमत प्रथम पैशांत मोजली जाऊं लागली. पन्नास वर्षांनंतर, १५ मार्च १९५९ रोजीं, मुंबईस गिरगांवांत सात स्त्रियांनीं ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले आणि ‘लिज्जत’चा जन्म झाला. पापड तोच आणि गच्चीहि तीच. फरक एवढाच कीं संध्याकाळीं लाटणाऱ्या बाईच्या हातीं पैसे पडले. घरचें लोणचें संपलें म्हणून उसासे टाकणाऱ्यांनीं हा फरक विसरूं नये.

बळद कशानें रितें झालें याचीं कारणें शोधतांना लोक ‘हल्लींच्या मुलींना नको असतें’ असें एक सोपें कारण सांगतात. आम्हांस तें मान्य नाहीं. महायुद्धांत धान्याचें नियंत्रण आलें. मुंबईंत मे १९४३ मध्यें आणि त्यामागून पुण्यांतहि शिधापत्रिका सुरू झाली. वर्षाचें धान्य घरांत ठेवणें हा आतांपर्यंत सद्गुण होता, तो सांठेबाजीचा अपराध ठरूं लागला. मग १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिना’पासून कसणाऱ्याकडे मालकी जाऊं लागली. खंडाची गाडी थांबली. ती थांबली हें न्यायाचेंच झालें, पण बळदाचा झरा आटला हेंहि तितकेंच खरें. उरलेलें काम पाण्यानें केलें.

१२ जुलै १९६१, बुधवार. तारखेकडे लक्ष द्यावें. पुण्याच्या घरोघरीं पावसाळ्याची बेगमी नुकतीच पुरी झालेली. बळदांत, कणगींत, डब्यांत धान्य भरलेलें. लोणच्यांचीं दादरे बांधलेलीं तोंडें अजून सुटलेलीं नव्हतीं. सरपण माळ्यावर चढलेलें. वर्षांतील ज्या आठवड्यांत घर सर्वांत अधिक भरलेलें असे त्याच आठवड्यांत अंबी नदीवरचें पानशेतचें मातीचें धरण सकाळीं फुटलें, आणि त्या लोंढ्यापुढें खडकवासल्याच्या जुन्या दगडी धरणाचाहि निभाव लागला नाहीं. शनिवार, नारायण, कसबा, सोमवार, मंगळवार या पेठांचा नदीकडचा भाग आणि पलीकडे डेक्कन जिमखाना पाण्याखालीं गेला. मातीची भिंत पाण्यांत विरघळते, आणि भिजलेलें धान्य फुगून तिला आंतून रेटा देतें. बळद असलेल्या भिंतीला दोन्ही बाजूंनीं मार बसला. पाणी ओसरल्यावर जो चिखल राहिला त्यांत कुजणाऱ्या धान्याची दुर्गंधी होती. ती ज्यांनीं भोगली त्यांच्या मनांतून ती शेवटपर्यंत गेली नाहीं. पिण्याचें पाणी खडकवासल्याचें. तेंच धरण गेल्यामुळें नळ कोरडे पडले आणि विस्मृतींत गेलेल्या वाड्यांतल्या विहिरींवर पुन्हां घागरी वाजूं लागल्या.

पूरग्रस्तांची वस्ती पुढें गोखलेनगर, सहकारनगर अशा नव्या भागांत झाली. तेथील घरें आटोपशीर होतीं आणि भिंती नऊ इंची विटांच्या. त्यांच्या पोटांत धान्य मावत नव्हतें. वर्षाची खरेदी महिन्यावर आली आणि महिन्याची आठवड्यावर. पुराविषयींच्या ज्या आठवणी आमच्या वाचनांत आल्या त्यांत वाहून गेलेल्या पोथ्या, सतारी, तांब्यापितळेचीं भांडीं आणि धान्य यांचें वर्णन आहे. नदीकाठच्या झोपड्यांतून वाहून गेलेल्या खुराड्यांचें वर्णन आम्हांस त्यांत आढळलें नाहीं.

खुराडें हेंहि एक बळदच होतें, फक्त चालतें-बोलतें. सांडलेले दाणे, उष्टें, किडे, वाळवी यांतून कोंबडी अंडें करी, आणि त्या अंड्याचे पैसे बहुधा बाईच्या कनवटीला राहत. नवऱ्याच्या हिशेबांत ते येत नसत. अंडीं घालून झालीं कीं गांवठी कोंबडी ‘खुडूक’ होते: अंग फुगवून बसते, जवळ जाणाऱ्यास टोंचते, खाण्यापिण्यापुरती दिवसांतून एकदां उठते. तिच्याखालीं दहा-बारा अंडीं ठेवावीत. ती स्वतःच तीं फिरविते, एकसारखी ऊब देते आणि एकविसाव्या दिवशीं पिलें बाहेर पडतात. मग डालग्याखालीं तीं झांकणें, कणी टाकणें, घारीवर नजर ठेवणें हा मुलांचा उद्योग. मोठें संकट ‘मानमोडी’चें. शास्त्रज्ञांनीं या रोगास १९२० नंतरच्या दशकांत हिमालयांतील गांवावरून ‘राणीखेत’ हें नांव दिलें. आतां त्याची लस आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या १९१० च्या ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ या ग्रंथांत मुरंबे-लोणचीं आणि सामिष पदार्थ एकत्र नांदतात. पुण्याच्या पेठांत त्यांना एक चूल मिळावयास पुष्कळ काळ जावा लागला.

आणि विनोद असा कीं ज्या शहराच्या मध्यवस्तींत कोंबडीला थारा नव्हता, तेंच शहर पुढें भारतांतील कोंबडीची राजधानी झालें. डॉ. बी. व्ही. राव यांनीं १९७१ मध्यें स्थापिलेल्या वेंकटेश्वर हॅचरीजचें मुख्य ठाणें पुण्यास आलें, आणि १९८२ मध्यें अंड्यांचा भाव उत्पादकांनींच ठरवावा यासाठीं राष्ट्रीय अंडी समन्वय समिति उभी राहिली. गांवठी कोंबडी वर्षांत साठएक अंडीं देते, नवी तीनशेंच्यावर. अंडें गरिबाच्या पानांत पोंचलें तें या उद्योगामुळें, हें नाकबूल करणें अप्रामाणिकपणाचें होईल. त्याची किंमत मात्र कोंबडीनें एका निराळ्या नाण्यांत दिली. खुडूक कोंबडी अंडीं घालावयाची थांबते, म्हणून पिढ्यान् पिढ्या निवड करून तिच्यांतून बसण्याची वृत्तिच काढून टाकण्यांत आली. तिचीं पिलें यंत्रांत उबतात. तिला आई होतां येत नाहीं, आणि अंडें विकून येणारा पैसा कनवटीला न जातां खातेवहींत जातो. फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांत नवापूरला कोंबड्यांच्या इन्फ्लुएंझाची सांथ आली, तेव्हां मोठ्या शेडांतल्या लाखों कोंबड्यांबरोबर आसपासच्या पाड्यांतलीं खुराडींहि रितीं करण्यांत आलीं. रोगाच्या दृष्टीनें तें आवश्यक होतें. पण शेडवाल्याचा धंदा पुन्हां उभा राहतो. आदिवासी बाईला खुडूक होणारी कोंबडी बाजारांत सहज मिळत नाहीं.

गेल्या सत्रांत वर्गांत हा विषय निघाला असतां आम्हीं ‘खुडूक’ शब्दाचा अर्थ विचारला. साठ मुलांपैकीं बहुतेकांनीं एकमेकांकडे पाहिलें. शेवटच्या बांकावरची एक मुलगी उभी राहिली. ती वेल्हे तालुक्यांतली, म्हणजे पानशेतचें धरण ज्या तालुक्यांत आहे तेथली. ती म्हणाली, “सर, आजीची एक कोंबडी सध्यां खुडूक बसलीय. अकरा अंडीं ठेवलींत. पुढच्या मंगळवारीं पिलें निघतील.” घण्टा झाल्यावर पांच-सहा मुलें तिच्याभोंवतीं जमलीं आणि अंडीं मोजून ठेवतात तीं विषम संख्येनेंच कां, असें तिला विचारूं लागलीं. तिलाहि तें ठाऊक नव्हतें. आजीला विचारून सांगतें, असें ती म्हणाली.