आईला दोष देण्यापासून आईला सोबत घेण्यापर्यंत

गटाच्या बैठकीत आम्ही ॲनिमिया, वजन, पोषण आहार यांवर नेहमी बोलतो. आज खाण्याच्या विकारांवरील उपचारांचा इतिहास सांगणार आहोत. घरात अन्न असूनही मुलगी जेवत नाही, हाडं दिसू लागली तरी स्वतःला जाडच समजते, या आजाराला ॲनोरेक्सिया म्हणतात. एका वेळी अतोनात खायचं आणि वजन वाढू नये म्हणून ओकून टाकायचं, हा बुलिमिया. हे आजार मुलांनाही होतात आणि त्यात जीवही जातो. त्यामुळे त्याला नखरा म्हणून सोडून देऊ नका.

लंडनचे डॉक्टर रिचर्ड मॉर्टन यांनी 1689 मध्ये क्षयावर ग्रंथ लिहिला. त्यात अठरा वर्षांच्या एका मुलीची नोंद आहे. तिला ताप नव्हता, खोकला नव्हता, तरी ती झिजत गेली. औषधांना कंटाळून तिने ती सोडली आणि काही महिन्यांत ती वारली.

ॲनोरेक्सिया नर्व्होजा हे नाव 1873 च्या सुमारास लंडनच्या विल्यम गल यांनी दिलं. ठरावीक वेळांनी खाऊ घाला, असं ते सांगत. पण सेवेला घरच्यांना ठेवू नका, असंही त्यांचं मत होतं. त्याच वर्षी पॅरिसमध्ये शार्ल लासेग यांनी लिहिलं, की रुग्णाबरोबर तिच्या घरच्यांकडेही पाहायला हवं. म्हणजे घरच्यांना जवळ ठेवायचं की लांब, हा वाद सुरुवातीपासूनच होता. पुढे अनेक वर्षं काही डॉक्टर मेंदूतल्या पीयूष ग्रंथीत कारण शोधत राहिले, तर काही जण बालपणात आणि आईच्या वागण्यात.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, 1944-45 मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा इथे ॲन्सेल कीज यांनी एक प्रयोग केला. 36 निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ते दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, चिडचिडे आणि उदास झाले. उपासमारीनेच मन बदलतं, हे यातून कळलं. पोट रिकामं असताना नुसतं समजावून फारसा उपयोग का होत नाही, तेही कळलं.

फिलाडेल्फियाचे साल्वादोर मिनुचिन 1970 च्या दशकात सगळ्या कुटुंबाला दवाखान्यातच एकत्र जेवायला बसवत. ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी 1981 मध्ये बुलिमियासाठी विचार आणि वर्तन बदलण्याची पद्धत मांडली. त्यात रुग्ण काय खाल्लं, कधी खाल्लं, तेव्हा मनात काय होतं, हे लिहून ठेवतो आणि वेळेवर जेवायची सवय लावतो.

मग 1987 मध्ये लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातल्या गटाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णालयात वजन सावरलेल्या 80 रुग्णांपैकी काहींना एकट्याने समुपदेशन दिलं, काहींना कुटुंबासह. ज्यांचा ॲनोरेक्सिया 19 वर्षांच्या आत सुरू झाला होता आणि फार जुना नव्हता, त्यांना कुटुंबासहचा उपचार जास्त लागू पडला. या पद्धतीत आईबापांना दोष देत नाहीत. आधी जेवणाची जबाबदारी त्यांच्याकडे देतात, मग ती हळूहळू मुलीकडे परत सोपवतात, आणि शेवटी वयात येण्याच्या प्रश्नांवर बोलतात.

आज चांगल्या ठिकाणी डॉक्टर, आहारतज्ज्ञ, समुपदेशक आणि घरचे मिळून काम करतात. प्रत्येकाची गरज असते. फार दिवस उपाशी असलेल्या मुलीला एकदम भरपूर खाऊ घातलं तर रक्तातले क्षार बिघडून हृदयाला धोका होतो, म्हणून वजन वाढवतानाही डॉक्टर लागतात. वजन आलं तरी जाड होण्याची भीती मनात राहते, तिथे समुपदेशक लागतो. आणि घरी रोज ताटाशी सोबत बसायला घरचंच माणूस लागतं.

म्हणून मैत्रिणींनो, लेकीचं वजन झपाट्याने घटत असेल, पाळी बंद झाली असेल, ती सगळ्यांबरोबर जेवायचं टाळत असेल किंवा जेवण झाल्या झाल्या मोरीत जात असेल, तर रागावू नका. आधी डॉक्टरांकडे न्या आणि तिथेच समुपदेशनाबद्दल विचारा. चक्कर येत असेल, छातीत धडधडत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, तिथे बोलता येतं. आणि शेजारणीच्या घरी असं काही घडत असेल, तर ‘आईनंच लाडावून ठेवलंय’ असं आपल्या गटात तरी कुणी म्हणू नये. त्या आईला आपली सोबत हवी असते.