मोडक्या पॉइंटरचा लिलाव

१९९५ साली पिअर ओमिड्यार याने कॅलिफोर्नियात लिलावाचे संकेतस्थळ सुरू केले; तेच पुढे ईबे झाले. त्यावर पहिल्यांदा खपला तो एक बिघडलेला लेझर पॉइंटर, १४.८३ डॉलरला. वस्तू बंद आहे हे माहीत आहे ना, असे त्याने गिऱ्हाइकाला मुद्दाम विचारले. माहीत होते, गृहस्थ मोडके पॉइंटरच जमवत होते!

इतका सरळ सौदा पुढे क्वचितच. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात माल निदान हातात घेऊन, उलटापालटा करून बघता येतो. इथे ना माल समोर, ना विकणारा. तक्रारी वाढल्या तेव्हा फेब्रुवारी १९९६ मध्ये ओमिड्यारने त्या चव्हाट्यावरच मांडल्या: एकमेकांविषयीचे अभिप्राय सर्वांना दिसू लागले. मग सूड म्हणून वाईट शेरे मारणेही आलेच. २००८ मध्ये विक्रेत्यांना गिऱ्हाइकाविषयी वाईट शेरा देण्याची बंदी करावी लागली.

२००४ मध्ये ईबेने मुंबईची बाझी डॉट कॉम ही लिलावाची कंपनी विकत घेतली. ईबेच्या ‘पैसापे’त रक्कम मधेच थांबे आणि माल पोचल्यावर विक्रेत्याला मिळे. फुकट जाहिरातींची स्थळे आली तशी ही मधली कडी गळाली.

२०१६ मध्ये यूपीआय आले आणि भामट्याला नवी सोंगे मिळाली. आता तोच गिऱ्हाईक! जुना फ्रिज न बघताच पसंत, घासाघीस नाही, बहुधा लष्करातली नोकरी, आणि ‘पैसे घेण्यासाठी’ एक क्यूआर कोड. पैसे घ्यायला पिन लागतच नाही. पिन टाकला की पैसे जातात. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे पैसे मागण्याची यूपीआयमधली सोय ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाली. क्यूआर कोड मात्र चालूच आहेत.