कवचावरून कुळ ओळखावें काय?

समुद्रकांठच्या एकाच खडकावर कालव आणि बार्नेकल हे शेजारीं शेजारीं आढळतात. एकदां खडकाला चिकटले कीं दोघेहि जागचे हलत नाहींत. दोघांच्याहि अंगावर चुन्याचें कठीण कवच असतें. हे एकाच कुळांतले असावेत, असें कोणासहि वाटेल. प्राणिशास्त्रज्ञांसहि पुष्कळ वर्षें तसेंच वाटत होतें.

स्वीडनच्या लिनीअसनें १७५८ सालीं कवच असलेल्या कृमींचा एक गण केला आणि त्यांत शंखाची गोगलगाय, शिंपला व बार्नेकल यांना एकत्र बसविलें. बिनकवचाच्या मऊ प्राण्यांचा गण त्यानें निराळा केला. ‘मोलस्का’ हें नांव त्यानें दिलें तें या दुसऱ्या गणास. त्यांत माकुल, तारामासा व जेलीफिश यांची सरमिसळ झाली, आणि बिनशंखाची गोगलगाय आपल्या शंखवाल्या बहिणीपासून दुरावली.

फ्रान्सच्या क्यूव्हिएनें ही चूक दुरुस्त केली. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर असतांना त्यानें सागरी प्राण्यांचें विच्छेदन केलें होतें. १७९५ पासून त्यानें कवचाऐवजीं शरीराची आंतील रचना प्रमाण मानली. मऊ, अखंड शरीर आणि त्यावरील ‘प्रावार’ नांवाचें मांसल आवरण या खुणांवरून गोगलगाय, शिंपला व माकुल एका मृदुकाय संघांत आले. तारामासा बाहेर गेला. परंतु १८१७ च्या ग्रंथांतहि बार्नेकल मृदुकायांतच राहिला.

त्याचें खरें कुळ उघड केलें तें आयर्लंडांतील कॉर्क येथें असलेल्या जॉन व्हॉन टॉम्सन या लष्करी शस्त्रवैद्यानें. १८२६ सालीं त्यानें डोळे व पोहण्याचे पाय असलेले इवलेसे जीव समुद्रांतून पकडून भांड्यांत ठेवले. थोड्याच दिवसांत ते तळाला चिकटले, त्यांनीं कात टाकली, आणि पाहतां पाहतां त्यांचे बार्नेकल झाले! हा शोध त्यानें १८३० सालीं प्रसिद्ध केला. सांधेदार पायांचें असें पिलूं कोणत्याहि मृदुकायाला होत नाहीं. बार्नेकल हा कोळंबी-खेकड्यांचा भाऊबंद ठरला. डोक्याकडून खडकाला चिकटलेला हा प्राणी मोठेपणींहि पिसांसारखे पाय हालवूनच अन्न तोंडाशीं ओढतो. पुढें डार्विननें १८४६ ते १८५४ अशीं आठ वर्षें याच प्राण्यांच्या अभ्यासांत घालविलीं.

विच्छेदनाच्या सुरीला प्रौढ शरीर उघडतां आलें. परंतु त्या शरीराचें बालपण जिवंत प्राण्याजवळ बसून पाहावें लागलें. कालव व बार्नेकल आजहि एकाच खडकावर नांदतात. मात्र त्यांचें नातें शेजाराचें आहे, रक्ताचें नाहीं.